मजलामीमांसा, अथवा बाविसाव्या मजल्यावरील कुरडईचा प्रश्न

शास्त्राचा आरंभ शंकेने व्हावा असा संकेत आहे. प्रस्तुत शास्त्राचा आरंभ आमच्या आक्काच्या शंकेने झाला. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, पुण्यात बाणेरला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. खाली हॉटेले आणि मध्यरात्रीपर्यंत वर्दळ, वर नुसता वारा. पालम सोडून, गंगाखेडला नांदेड–पनवेल एक्स्प्रेस धरून आम्ही तेथे पोचलो. आक्काने हॉल पाहिला, काचेतून टेकडी पाहिली आणि विचारले, "समदं चांगलंय रे, पण वाळवण घालायचं कुठं?"

या विषयावर पूर्वसूरींनी काहीच लिहून ठेवलेले नाही. सबब हा प्रबंध.

लक्षण. घर मोजावे कशात? आमच्याकडे जुने घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. तुळयांवर लाकडी किलचन, त्यावर पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, की झाले माळवद. शहरात घर चौरस फुटांत मोजतात, त्यास कार्पेट म्हणतात. खण मोजताना मान वर करावी लागते, कार्पेट मोजताना खाली घालावी लागते. दोन दर्शनांची फारकत येथेच होते. त्यात २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरल्या, पण बाल्कनी आणि गच्ची वगळली. म्हणजे कुरडई घालण्याजोग्या दोन्ही जागा हिशेबातच नाहीत.

पूर्वपक्ष. भाचा म्हणतो, "मामा, घर आपलंच समजा. करार झालाय." करार अकरा महिन्यांचा. अकराच का? तर १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, ती चुकवण्यासाठी. पुढे महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली, मुदत कितीही असो. कारण गेले, अकरा राहिले. कर्मकांड याहून वेगळे काय असते? शिवाय हा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे लायसन्सने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, नुसती परवानगी मिळते. पूर्वपक्ष खंडित.

परीक्षा. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक आक्काने शिजवला, सोऱ्या काढला आणि प्रयोगास प्रारंभ झाला.

प्रयोग पहिला, गच्ची. दाराला कुलूप, किल्ली सोसायटीच्या ऑफिसात, ऑफिस सोमवारी उघडणार. चीक सोमवारपर्यंत थांबत नाही.

प्रयोग दुसरा, बाल्कनी. प्लास्टिकच्या कागदावर अकरा कुरडया घातल्या (आकडा करारावरून सुचला). बाविसाव्या मजल्याच्या वाऱ्याने कागदाचा पतंग केला. सात कुरडया हाती लागल्या. उरलेल्या चार कोणत्या मजल्यावर उतरल्या, याचे संशोधन चालू आहे.

प्रयोग तिसरा, रेफ्यूज एरिया. आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबावे म्हणून उंच इमारतीत ही मोकळी जागा राखून ठेवतात. प्रशस्त, आडोशाची, ऊन उत्तम. वॉचमन धावत आला. "आजी, इथं आग लागल्यावर थांबायचं असतं." आक्का सोऱ्या न थांबवता म्हणाली, "मग लागली की उचलते." या युक्तिवादाचे खंडन वॉचमनला जमले नाही, मलाही नाही. कुरडया मात्र उचलाव्या लागल्या.

सिद्धान्त. बिल्डर फ्लॅट विकताना मजल्यागणिक 'फ्लोअर राइज' म्हणून जादा दर लावतो. उंची अशी फुटावर विकली जाते. पण वर चढलेल्याच्या डोक्यावर असते ती वरच्याची फरशी, आणि पायाखाली असते ते खालच्याचे छत. पालमच्या माळवदावर शिडीने चढले की वर आभाळच. उन्हाळ्यात रात्री तिथेच अंथरुणे पडतात आणि दिवसा वाळवणे. उंची जेमतेम दहा-बारा फूट, पण तिला किल्ली नाही. तात्पर्य, मजले कितीही असोत, भाड्याच्या घराला छप्पर नसते.

उपसंहार. आक्काने यंदाच्या कुरडया पालमलाच घातल्या आणि माझ्या हाती डबा दिला. गेटवरच्या माणसाने फोन लावला, "पालमहून मामा आणि एक डबा आलाय, सोडू का वर?" दोघांनाही परवानगी मिळाली. डबा सामानाच्या लिफ्टने गेला, मी माणसांच्या.

डबा आधी पोचला.