फक्त कुटुंबासाठी

माझा चेहरा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे. नववीत होतो तेव्हा पनवेलच्या एसटी स्टँडवर एका बाईने कडेवरच्या रडक्या पोराला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, "गप्प बस, नाहीतर ते काका घेऊन जातील." पोर गप्प झालं. मिशी मला आठवीत आली आणि कपाळावरचे केस दहावीच्या निकालाच्या सुमारास गेले. कॉलेजात नवे सर पहिल्यांदा वर्गावर आले की आधी मला नमस्कार करत, मग मी बाकावर बसलेला पाहून खजील होत.

1996 च्या मे महिन्यात बारावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. वडाळे तलावाच्या काठावर आम्ही पाच जणांनी ठरवलं की दोन दिवस समुद्रावर जायचं आणि बरोबर एकही मोठं माणूस न्यायचं नाही. हे एवढं कलम एकमताने पास झालं. बाकी सगळ्यावर भांडणं. जोशीला मुरूड हवं होतं, शाहला काशीद, म्हात्रेला कुठेही पण मासे, आणि शेखला जिथे त्याचे चुलते ओळखत नाहीत असं कुठेही. माणशी दोनशे रुपयांत अलिबागच्या पुढे जाता येत नाही, असं जोशीने वहीत मांडून दाखवलं आणि वाद संपला.

घरी अर्थातच पहिला प्रश्न आला : बरोबर मोठं कोण आहे? जोशीची आई मला चांगली ओळखते. तिचा मुलगा माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा आहे हेही तिला पाठ होतं. तरी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे एकदा पाहून ती म्हणाली, "हा आहे ना, मग काळजी नाही." बाकीच्या घरांतही तेच. माझ्या घरी मात्र वडिलांनी नुसतीच बॅग दिली. रेक्झिनची, तपकिरी. तिच्यावर त्यांनी तांबड्या ऑइलपेंटने स्वतःचं पूर्ण नाव, आळी, पनवेल, जिल्हा रायगड असं ठळक रंगवलेलं होतं. बॅग हरवली तर पोस्टाने घरी परत यावी, असा त्यांचा हिशेब.

पनवेलकराचं एक दुःख बाहेरच्यांना कळत नाही. अख्खी मुंबई आमच्या छातीवरून समुद्राला जाते. मे महिन्यातल्या शनिवारी आमच्या स्टँडवर कोकणात जाणारी जी गाडी येते, ती परळहून नाहीतर मुंबई सेंट्रलहून गच्च भरून येते. खिडकीतली माणसं आमच्याकडे दयाबुद्धीने बघतात आणि गाडी निघून जाते. कोकणचं प्रवेशद्वार म्हणे! दारात उभं राहणाऱ्याला घरात बसायला मिळत नाही ते असं. शेवटी एक अलिबाग गाडी मिळाली, तीही उभ्याने. पळस्पे सोडलं, वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण गेलं, आणि कर्नाळ्याचा सुळका दिसेपर्यंत एक कॉलेजातली मुलगी, आमच्याच वयाची, बऱ्यापैकी दिसणारी, जागेवरून उठली आणि मला म्हणाली, "काका, बसा." मी बसलो. चौघं वडखळ नाक्यापर्यंत हसत होते. वडखळला गाडी अडकली, कारण वडखळला गाडी अडकतेच. तो रस्ता तेव्हा सतरा नंबरचा हायवे होता, आता सहासष्ट नंबरचा आहे. प्रगती म्हणायची ती ही.

अलिबागला लॉज पाहिले. गल्ल्यावर बसलेले सगळे एकच विचारत, "बरोबर मोठं कोण?" मग मला पुढे ढकलण्यात येई. मग दर सांगितला जाई आणि जोशी मला मागे ओढी. दुपारी दोन वाजता भुकेने आमच्यातली लोकशाही संपली. रेवदंड्याच्या गाडीत बसून नागावला उतरलो. वाटेत अक्षी लागतं. तिथे शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा, मराठीतल्या सर्वांत जुन्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक शिलालेख आहे. त्या वेळी कुणी तो दाखवला असता तर म्हात्रेने तो चावून पाहिला असता.

नागावला नारळी-पोफळीच्या वाडीबाहेर पत्र्याची पाटी होती : 'राहण्या-जेवणाची घरगुती सोय. फक्त कुटुंबासाठी.' राहणं-जेवण धरून माणशी पंचाहत्तर. जोशीचे डोळे ओलावले.

"कुटुंब व्हायला लागेल," तो म्हणाला. "हा काका."

"काकाला आडनाव एकच लागतं," शाह म्हणाला. त्यांच्याकडे धंदा असल्यामुळे त्याला कागदपत्रांतलं कळायचं. "मामा कर. मामाला आडनावाचं बंधन नाही."

अंगणात आमसुलं वाळत घातलेली. ओटीवर आजी आणि झोपाळ्यावर आजोबा. मी घसा खाकरून सांगितलं, की मी मामा आणि हे भाचे. आजींना आनंद झाला. त्यांनी एकेकाला नाव विचारलं. पोरांनी, इतकं सगळं ठरवून, खरी नावं सांगितली. जोशी. म्हात्रे. शाह. शेख.

आजी बोटांवर मोजू लागल्या. "म्हणजे तुम्हाला चार बहिणी?"

"हो."

"चौघी पनवेललाच दिल्या?"

"जवळजवळ."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. एक जोशांकडे, एक म्हात्र्यांकडे, एक शहांकडे, एक शेखांकडे. मला वाटलं, आता पिशव्या उचलायच्या. आजी म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना एकदा भेटलं पाहिजे हो. फार मोठ्या मनाचा माणूस." आणि शेखकडे वळून, "तुला वालाचं बिरडं चालतं ना रे?"

चालणार नाही तर काय! अलिबागचा पांढरा कांदा, बिरडं, भात, वर तूप. पहिली वाढणी झाल्यावर आजींच्या मनात माझी जीवनकथा तयार झाली असावी. कारण त्या आत जाता जाता आजोबांना म्हणाल्या, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "चार बहिणी उजवल्या एकट्याने. केस जातील नाहीतर काय?" माझ्या भातावर दुसऱ्यांदा तूप पडलं. चौघं ताटात तोंड खुपसून थरथरत होते.

जेवणं झाली आणि चौघं समुद्रावर पळाले. मीही उठलो. आजोबा म्हणाले, "मामा, तुम्ही बसा. पोरांचं काय!"

इथून माझी सहल सुरू झाली ती रात्री साडेदहापर्यंत त्या झोपाळ्यासमोर चालली. आजोबा अलिबागच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. उलटतपासणी घेणारे वकील त्यांनी आयुष्यभर ऐकले होते आणि आता संधी मिळाली होती.

"वय काय तुमचं?"

"तीस."

"म्हणजे सहासष्टचे. आणीबाणीत नऊ-दहा वर्षांचे. आठवत असेल."

"थोडी थोडी," मी म्हणालो. आणीबाणी उठली तेव्हा मी जन्माला यायचा होतो.

दिल्लीत वाजपेयींचं सरकार बसून आठ-दहा दिवस झाले होते आणि सोमवारी लोकसभेत विश्वासमताची चर्चा सुरू व्हायची होती. भाजपचे 161, लागतात 272. उरलेले कुठून आणायचे, यावर आजोबांनी मला ज्या आशेने विचारलं त्या आशेने मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. "तुम्ही मत कुणाला दिलंत?" मताचं वय सात वर्षांपूर्वी एकवीसवरून अठरावर आणलं होतं, पण सतराच्या माणसाला त्याचा काय उपयोग! "मतदान गुप्त असतं," मी म्हणालो. आजोबांनी आत हाक मारली, "ऐकलंस का? जबाबदार माणूस आहे."

ही हाक घातक ठरली. आजी बाहेर येऊन बसल्या.

"नोकरी कुठे?"

"रसायनीला." पनवेलच्या माणसाला खोटं बोलायला हेच गाव जवळ पडतं.

"पर्मनंट?"

"जूनमध्ये कळेल," मी म्हणालो, आणि त्या दिवसातलं हे माझं पहिलं खरं वाक्य होतं.

आजींच्या बहिणीची नात चौलला होती. बी.कॉम., शिवण येतं, सव्वीस पूर्ण. सव्वीस वर्षांच्या मुलीकडे मी तोवर फक्त क्लासच्या मॅडम म्हणूनच बघितलं होतं. मी सांगितलं, मला मंगळ आहे. आजी म्हणाल्या, "तिलाही आहे!" आणि दोघं माझ्याकडे असे बघू लागले, जणू पत्रिका जुळूनही गेली. समुद्राचा आवाज वाडीपलीकडून येत होता. त्यात मधूनमधून चार गाढवांचं खिदळणं. मला मामा म्हणून आतल्या खोलीतला पलंग दिला, ढेकणांसह. भाचे ओटीवर वाऱ्यात झोपले.

रविवारी सकाळी आजोबांनी भरतीचं गणित सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं. आज अष्टमी, म्हणजे सहाला भरती, बाराला सुकती. "भांगाचं पाणी आहे, उधाण नाही," ते म्हणाले, "पण सुकतीला ओढ असतेच. मामा, लक्ष ठेवा."

मी पँट दुमडून वाळूत बसलो. मला पोहता येत नाही, म्हणून बसलो असं म्हणायला हवं होतं. पण खरं म्हणजे त्यांनी सांगितलं म्हणून बसलो. पाण्यात चार डोकी. मी उगीच मोजत होतो. चार. एक लाट गेली, चार. मग तीन.

पुन्हा मोजली. तीन. जोशी, शाह, म्हात्रे. शेख नाही. मी हाका मारल्या, त्या लाटांत गेल्या. कमरेपर्यंत पाण्यात शिरलो, पायाखालची वाळू सरकत होती. शेखच्या आईने निघताना मला वेगळं बोलावून डबा दिला होता आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात मला तिथे, त्या पाण्यात, पुन्हा खांद्यावर जाणवला.

शेख सुरूच्या झाडांमागून आला. हातात पळसाच्या पानात ताडगोळे. "मामा, तुझ्यासाठी," तो म्हणाला. मी त्याच्या थोबाडीत मारली. जोरात. ताडगोळे वाळूत पडले. कुणी हसलं नाही. शेख गाल चोळत म्हणाला, "चुकलं, मामा," आणि त्यात चेष्टा नव्हती.

वीस वर्षांनी, 2016 च्या फेब्रुवारीत, मुरूडला पुण्याच्या कॉलेजची मुलं सहलीत बुडाली. त्यांच्याबरोबर शिक्षक होते. बातमीखाली लोक विचारत होते, मोठं कुणी नव्हतं का. मी पेपर फेकून दिला होता.

बाकी प्रेक्षणीय स्थळं : कुलाबा किल्ल्यात सुकतीला चालत जाता येतं, सुकती बाराला, आमची गाडीही बाराला. चुंबकीय वेधशाळेची पाटी बाहेरून वाचली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथल्या कुलाब्यातल्या सुया बिघडतील म्हणून 1904 साली हे काम इथे हलवलं, मुलगा बिघडेल म्हणून मामाच्या गावी पाठवावा तसं. निघताना आजींनी आमसुलांची पुडी दिली आणि आजोबांनी माझ्या बॅगेवरचा पत्ता अक्षर न चुकता वहीत उतरवून घेतला. शिरस्तेदार. माणसापेक्षा लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या नावाने पाकीट आलं. आत चौलच्या मुलीची पत्रिका आणि पत्र : चिरंजीव आम्हांस पसंत आहेत, आपल्या चारही कन्यांनी मुलांवर उत्तम संस्कार केले आहेत, आपल्यासारखा उदार विचारांचा गृहस्थ विरळा. वडिलांना मी आणि पाचवीतली एक मुलगी, एवढीच अपत्यं. पत्र आधी आईने वाचलं. मग तिने वडिलांकडे पाहिलं. आमच्या घरात पुढचे दोन दिवस आमटीत मीठ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी साद्यंत कबुली दिली. वडिलांनी शांतपणे पोस्टकार्ड घेतलं आणि आईसमोर बसून लिहिलं : 'आपले पत्र पावले. मुलगा सतरा वर्षांचा असून तूर्त बारावीच्या निकालाच्या प्रतीक्षेत आहे. माझ्या उर्वरित कन्यांचा पत्ता आपणाकडे असल्यास कृपया माझ्या पत्नीस कळवावा.'