शंभर टक्के प्रगती

विद्यार्थ्याला धडा समजला की नाही, हा शिक्षणातला फार जुना वाद. २००२ साली पहिली आवृत्ती निघालेल्या मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या मुक्त प्रणालीने तो कायमचा मिटवला, याबद्दल तिचे जाहीर अभिनंदन केले पाहिजे. धड्यापाशी ‘झाले’ असे सांगणारे बटण असते. विद्यार्थी ते स्वतः दाबतो आणि धडा पूर्ण होतो. विद्यार्थ्यावर एवढा विश्वास नसलेल्या संशयी शिक्षकांसाठी कडक पर्यायही आहे : पान उघडले की पूर्ण. उघडून वाचले का, हे विचारणे सभ्यपणाचे नव्हे.

बटणाच्या या युगातही ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावरचे एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ७५ टक्के गुण केंद्रावरच्या परीक्षेसाठी राखून ठेवतात. ही जुनाट खोड सुटायला हवी.

मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. उत्तरपत्रिकेखाली ‘मी उत्तीर्ण आहे’ हे बटण दिले असते, तर निकाल परीक्षेच्या हॉलमध्येच, शाई वाळण्याआधी लागला असता. पुढे प्रश्नपत्रिकाही वगळता येईल. तिच्यामुळे बटणापर्यंत पोहोचायला विनाकारण तीन तास लागतात.

बटणे दाबून तयार होणारे प्रगतीचे हिरवे आलेख शिक्षकांना वाचता येतात का, अशी शंका काही कुजकट लोक काढतात. त्यांनी निश्चिंत असावे. त्याचे प्रशिक्षण शिक्षकांना ऑनलाइनच दिलेले आहे आणि सर्वांनी ते शंभर टक्के पूर्ण केले आहे.