धोका पातळीच्या वर

सांगली-मिरज-कुपवाडच्या माणसाला उंची फुटांत सांगितली की त्याला आधी पुराची पातळी सांगणारा आयर्विन पूल आठवतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका, आणि 2019 साली पाणी 57 फुटांवर गेलं त्याबद्दल न बोललेलं बरं. त्यामुळं आपण ट्रेकला जायचं ते हिमालयातलं केदारकंठा 12,500 फुटांवर आहे हे मी कट्ट्यावर जाहीर केलं, तेव्हा तात्यांनी पहिला प्रश्न टाकला, "मग जनावरं हलवायची कुठं?"

खरी चढण तारखेचीच निघाली. बापूंची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, जानेवारीपासून माल तोडायचा, उरलेल्याचा बेदाणा करायचा. केदारकंठ्याचा बर्फाचा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. डिसेंबर काढू म्हटलं, तर डिसेंबरात नुसतं ढग आलं तरी बापू डाऊनी रोगाच्या धास्तीनं रात्रभर जागे. हिमालयात ढग पायाखाली येतात असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग फवारणी वरनं खाली करायची व्हय?" पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी मिळायचं. नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. लोकांनी कुरकुर केली, पण मी रेल्वेचा ऋणी आहे. बापूंना नाही म्हणायला आता निम्मेच दिवस मिळतात.

मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला पोचवते. दोन रात्री गाडीत, म्हणजे खायचं आलं. धपाटे, शेंगाची चटणी आणि भडंग. भडंगाला वजन नसतं, पण सॅक भरून टाकतं; स्वेटरला जागाच राहीना. एमआयडीसीत पॅकिंग बघणारे आण्णा मग रविवारभर एकेका पिशवीवर गुडघा टेकून हवा काढत बसले. कडीपत्त्याची पानं मोडली, लसणाचा वास चादरीला लागला, पिशव्या चपट्या झाल्या. मी सांगितलं, उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आत राहिलेली हवा पसरते, बंद पाकीट पुन्हा फुगतं. बापूंनी काळजीनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं. तेही फुगतं, पण हे मी त्यांना सांगितलं नाही. निम्मे दिवस असले तरी दिवस होतेच.

सरावाला दंडोबाचा डोंगर ठरला. गाडी जाईल तिथपर्यंत गाडीनं जायचं, पुढं चालायचं, असा नियम तात्यांनी केला आणि गाडी जाईल तिथंच देवाला हात जोडले.

ट्रेकवाल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो. आमच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून नीट बजावलं: आठ हजार फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, पैलवानालाही. 3,000 मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी चढायचं नाही, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरायचं. "म्हणजे सावकाश चालणारा शहाणा," तात्या खुलले. एवढा वैद्यकीय पाठिंबा त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

तिथले लोक सांगतात, महादेव केदारकंठ्यावर ध्यानाला बसले होते, पण गायीच्या गळ्यातल्या घंटेनं समाधी मोडली आणि ते केदारनाथला निघून गेले. बापूंचं घोरणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना देवाची अडचण लगेच कळेल. बापूंना वेगळा तंबू, एवढा ठराव मात्र एकमतानं झाला.

मग वैनींनी नकाशा मागितला. देहरादूनहून पायथ्याचं सांकरी जवळपास 200 किलोमीटर, आठ-दहा तास नुसता घाट, आणि त्या वाटेवर मसुरी. "तुम्ही जावा बर्फात. आम्ही मसुरीला उतरतो. माल रोड फिरतो, लंढोरला चहा पितो." बघता बघता मसुरीची यादी वाढली, ट्रेकची घटली. आधी तात्या फुटले, मग गुडघ्याचं निमित्त काढून आण्णा. मसुरीतच जॉर्ज एव्हरेस्ट साहेबाचं घर आहे. भारताचा सर्व्हेअर जनरल असताना हा माणूस तिथं राहायचा, आणि जगातल्या सगळ्यांत उंच शिखराला पुढं त्याचंच नाव दिलं गेलं. तेही घर यादीत चढलं.

आता कुपवाडात आमची पंचाईत झालीय. केदारकंठा इथं कुणाला ठाऊक नाही, आम्ही दोघं बर्फ तुडवून आलो तरी लोक विचारणार, "केदारनाथचा प्रसाद कुठाय?" आणि वैनींनी भिशीत आताच सांगून टाकलंय की आम्ही एव्हरेस्टला चाललोय. शेजारच्या काकू काल लोकरीचे मोजे देऊन गेल्या. तात्यांना.