पिशवीवाले काका

सकाळी साडेआठच्या सुमारास पुण्यामुंबईच्या कुठल्याही मध्यमवर्गीय वस्तीत भाजीच्या गाडीपासून दहा पावलांवर एखादा कट्टा असतोच, आणि कट्टा आहे म्हटल्यावर काकाही असतात. चौकटीचा बुशशर्ट, पायात सँडल, डाव्या हातात कापडी पिशवी. पिशवीवर बहुधा एखाद्या सहकारी बँकेचं नाव छापलेलं असतं. बँक बुडालेली असते, पिशवी टिकलेली असते. निवृत्त होण्यापूर्वी काका टपाल खात्यात होते, वीज मंडळात होते, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या हिशेब खात्यात. राज्यशास्त्राचं पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही आणि क्रिकेट गल्लीच्या बाहेर खेळलेले नाहीत. तरी विधानसभेचा निकाल, रेपो दर, मालिकेतली सून आणि आयपीएलचा लिलाव या सगळ्यांवर त्यांचं मत पिशवीतल्या पालकाइतकं ताजं असतं. त्यांची थट्टा करणं सोपं आहे, आणि ती भरपूर होतेही. ज्याला कशातलंच काही कळत नाही त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असा थट्टेचा सूर असतो. मला तो पुरता पटत नाही. काकांना विषय कळत नसतील, पण त्यांच्यापाशी एक पद्धत आहे. जगातली कुठलीही भानगड असो, तिला आधी उंबरठ्याच्या आत घ्यायचं, घरातल्या एखाद्या गोष्टीशेजारी उभं करायचं आणि मगच तिच्याबद्दल तोंड उघडायचं. ही पद्धत वाटते तितकी टाकाऊ नाही.

पक्षफुटीचंच घ्या. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला गेले, आणि वाहिन्यांवर घटनातज्ज्ञांची रांग लागली. दहावी अनुसूची, 1985 चा पक्षांतरबंदी कायदा, एकतृतीयांश फुटीला असलेली आणि 2003 साली काढून टाकलेली सवलत, व्हीप कुणाचा खरा, असं बरंच काही सांगून झालं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्यातलं किती शिरलं ते तो व्हीपच जाणे. कट्ट्यावर काकांनी प्रकरण एका वाक्यात मिटवलं असणार: "वाटणी आहे हो ही, भांडण देवाच्या टाकांवरून आहे." एकत्र कुटुंबातली वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळतं. जमीन मोजून देता येते, भांडी मोजून देता येतात, घोडं अडतं ते देव्हाऱ्यापाशी. कुलदेवतेचे टाक ज्याच्याकडे जातील ते मूळ घर, बाकीचे बाहेर पडलेले. धनुष्यबाण या चिन्हाचं नेमकं हेच झालं. 2023 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने तो एका गटाला दिला, पुढच्या फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या घड्याळाचाही निकाल त्याच वळणाने लागला. आयोगाने मुख्य आधार घेतला तो निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या संख्येचा, आणि त्या कसोटीची मुळं काँग्रेसच्या 1969 च्या फुटीत आणि त्यावरच्या 1971 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहेत. काकांना यातलं एकही साल माहीत नसतं. "ज्याच्या पंगतीला पानं जास्त, देव त्याच्याकडे," एवढंच ते म्हणतात, आणि आयोगाच्या लांबलचक आदेशाचा याहून आटोपशीर सारांश मला तरी करता येत नाही.

महागाईवर तर काकांचा जन्मसिद्ध हक्क आहे. सरकारने महागाई उतरल्याचा आकडा जाहीर केला की काका पिशवी वर धरून दाखवतात. हे अडाणीपणाचं लक्षण मानलं जातं, पण 2012 हे आधारवर्ष धरून काढल्या जाणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार जवळजवळ 46 टक्के होता. म्हणजे बरीच वर्षं ज्या आकड्यावर देशाचे व्याजदर हलले त्याचा निम्मा ऐवज काकांच्या पिशवीतच होता. शिवाय रिझर्व्ह बँक निरनिराळ्या शहरांतल्या कुटुंबांना ठरावीक काळाने विचारत असते, की तुम्हाला महागाई किती वाटते आणि पुढे किती वाढेलसं वाटतं. लोक नेहमीच प्रत्यक्षापेक्षा फुगवून सांगतात, हे बँकेला ठाऊक आहे. तरी ती विचारायची थांबत नाही, कारण लोकांना जे वाटतं त्यावरच ते पगारवाढ मागतात, सोनं घेतात, दुकानदार भाव ठेवतात. तेव्हा कट्ट्यावर फुकट मिळणारी कुरकुर मुंबईतली एक मोठी संस्था खर्च करून गोळा करते. काकांना हे कुणी सांगू नये एवढीच विनंती, नाहीतर ते मानधन मागतील.

या पिशवीला एकच बाजू दिसते, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे. कांदा महागला की काकांच्या मते सरकार नालायक, आणि स्वस्त झाला की निवडणूक जवळ आली. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रिकामा करणाऱ्या शेतकऱ्याचा तराजू याच्या बरोबर उलटा झुकतो. 2023 च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा शहरातली पिशवी सुखावली. बंदी उठली 2024 च्या मे महिन्यात, ऐन मतदानाच्या हंगामात, आणि तरीही दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. कांद्याने घात केला, हे सत्ताधारी आघाडीतल्या नेत्यांनीही पुढे बोलून दाखवलं. काकांना हा निकाल कळायला दोन दिवस लागले असावेत. पण म्हणून पद्धत चुकली असं होत नाही. पद्धत तीच होती, ती फक्त दुसऱ्याच्या घरात जाऊन वापरायला हवी होती, आणि काका सहसा दुसऱ्याच्या घरात जात नाहीत. चहा फिका असतो म्हणे.

मनोरंजनाच्या प्रांतात काकांचा हिशेबनीस पूर्ण मोकळा सुटतो. मालिका ते पाहत नाहीत. पेपर वाचताना ती समोर चालू असते. तरी प्रत्येक घराबद्दल त्यांचा एक सवाल ठरलेला: या वाड्याचं लाइट बिल कोण भरतं? दिवसाढवळ्या झुंबरं लागलेली, बायका शालू नेसून झोपलेल्या, पुरुष 'कंपनी'त जातात पण कंपनी काय बनवते ते तीनशे भागांत कळत नाही. 2001 साली सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' ही मालिका अकरा वर्षं चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांचं अंदाजपत्रक इतकं वाढलेलं आमच्या लेखापरीक्षकाने चालवून घेतलं नसतं, हे काकांचं तिच्यावरचं परीक्षण. कलेची ही समीक्षा नव्हे, मान्य. पण वास्तवाची किमान अट कोणती, हा प्रश्न समीक्षकांनाही पडतोच, आणि तो लाइट बिलापासून सुरू केला तर फारसं बिघडत नाही. क्रिकेटचंही तसंच. 2024 च्या लिलावात ऋषभ पंत 27 कोटींना गेला, पुढच्या हंगामात त्याच्या 269 धावा झाल्या. काकांनी वर्तमानपत्राच्या समासात भागाकार केला: धाव पडली दहा लाखांना. "एक धाव पळाला नाही तर आपल्या बिल्डिंगची लिफ्ट नवी होते." यात क्रिकेटचं ज्ञान शून्य आहे आणि तरी वाक्य हलवता येत नाही.

हसण्यावारी नेण्याआधी पॉपकॉर्नचा इतिहास आठवावा. चित्रपटगृहातल्या खाऊचे भाव हा कट्ट्यावरचा जुना विषय. 2018 साली त्यावरून पुण्यात आंदोलन झालं, जुलैत प्रश्न नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात पोचला, आणि बाहेरचं खाणं आत नेता येईल असं मंत्र्यांना सांगावं लागलं. पुढे 2023 च्या जानेवारीत जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो चित्रपटगृहवाल्यांच्या बाजूने: मालमत्ता त्यांची, नियमही त्यांचे. काकांचा पराभवच हा. पण सुनावणीत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी दाखला कशाचा दिला? जिलेबीचा. कुणी आत जिलेबी नेली आणि खाऊन झाल्यावर बोटं खुर्चीला पुसली तर? देशाचं सर्वोच्च पीठ मालमत्तेच्या हक्काचा विचार करताना चिकट बोटांपाशी आलं. काका हरले, त्यांची पद्धत जिंकली.

आता सगळ्यात जड आक्षेप. राज्य म्हणजे घर नव्हे, असं अर्थशास्त्राचा कुठलाही प्राध्यापक सांगेल. घर नोटा छापत नाही. घराने खर्च आवळला तर वाण्याचं थोडं नुकसान होतं. सगळ्या देशाने एकदम आवळला तर वाणीच उरत नाही, कारण एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरण्याचा काकांचा सल्ला देशाला लावला तर मंदीत देश आणखी आखडेल. हे खरं आहे, दिल्लीच्या बाबतीत. पण काका बोलतात बहुतेक वेळा मंत्रालयाबद्दल, आणि मंत्रालयाला नोटा छापता येत नाहीत. उलट घटनेच्या कलम 293 नुसार, केंद्राचं कर्ज डोक्यावर असेल तर राज्याला नवं कर्ज काढण्यासाठी केंद्राची संमती घ्यावी लागते. म्हणजे महाराष्ट्र सरकार हा एकत्र कुटुंबातला कमावता पण कर्त्याला विचारल्याशिवाय सही न करू शकणारा मुलगा ठरतो. काकांनी हे कलम वाचलं असतं तर आनंदाने त्यांचा बीपी वाढला असता.

दुसरा आक्षेप भाकितांचा. काकांची भाकितं खोटी ठरतात. ठरतात खरी, पण कोणाची ठरत नाहीत? फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने 284 जाणकारांची राजकीय भाकितं वर्षानुवर्षं जमवून 2005 साली पुस्तक लिहिलं. सरासरी जाणकार साध्या ठोकताळ्यांपुढेही फारसा टिकला नाही, आणि नाव जितकं मोठं तितका नेम वाईट असंही त्याला दिसलं. आपल्याकडे 2024 साली लोकसभेला महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या आणि सहा महिन्यांत विधानसभेला महायुती 288 पैकी 230 च्या घरात गेली. ही कोलांटी आधी कुणाला दिसली होती ते हुडकायला कंदील लागेल. टीव्हीवरच्या जाणकाराला सकाळचं मत संध्याकाळी निभवावं लागतं, कारण ध्वनिचित्रफीत शिल्लक असते. काका संध्याकाळच्या बैठकीत बिनदिक्कत उलट बोलतात. टेटलॉकच्या हिशेबी मत बदलायला तयार असणारेच बरे ठरतात. (मोबाइलवर आलेलं पुढे ढकलण्याची सवय हा काकांचा काळा भाग आहे, तिथे माझ्याकडे बचाव नाही.)

मला खरा अडवणारा आक्षेप वेगळाच आहे. सगळं घराच्या मापाने मोजणारा माणूस घर हे माप बिनचूक आहे असं धरून चालतो. 2016 साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. गाणी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली, काकांच्याही. पण शेवटाबद्दल विचारलं तर ते चष्मा पुसतात आणि "टाळता आला असता" एवढं म्हणतात. सिनेमाने मापच उलटं केलं होतं. तिथे मारेकरी बाहेरून येत नाही, नायिकेच्या माहेरची माणसं भेटी घेऊन दारात येतात. पक्ष, अर्थखातं, न्यायालय यांना घरात आणणाऱ्या काकांना घरच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची वेळ आली की शब्द सापडत नाही. जात, सुनेची नोकरी, मुलीचा हिस्सा या विषयांवर कट्टा अचानक हवापाण्याकडे वळतो तो यामुळेच.

आणि ज्या घराच्या जोरावर हे सगळं चालतं, ते काकांना माहीत आहे का, हाही प्रश्नच. पिशवी काका वाहतात, ती कशाने भरायची ते काकू ठरवतात. तूरडाळीचा भाव, सिलिंडर किती दिवस पुरला, दूधवाल्याने कधी दोन रुपये वाढवले, ही सारी कच्ची माहिती काकूंची. काका तिच्यावर फक्त संपादकीय लिहितात. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये सुरू झाले तेव्हा भाऊबीज एकदाच असते, दरमहा नसते, असं म्हणून काकांनी तिला निकालात काढलं. दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईंशी त्या 1500 रुपयांवर स्वयंपाकघरात काय बोलणं चालतं, हे त्यांनी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा ते झोपलेले असतात. नोव्हेंबरात विधानसभेला बायकांच्या मतदानाची टक्केवारी वाढली आणि काका आठवडाभर रेपो दरावर बोलले.

साडेनऊला कट्टा उठतो. मुख्यमंत्री कोण असावा, व्याजदर किती असावा आणि कुठली मालिका बंद पडावी हे ठरवून काका भाजीच्या गाडीपाशी येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि घरी फोन लावतात. गवार घ्यायची की घेवडा, ते त्यांना सांगता येत नाही.