दात मोजणारा गृहस्थ

अमेरिकेच्या ग्रामीण भागात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना ट्रक, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप, पाळणारा जो एक मनुष्यवर्ग आढळतो, त्याची ओळख धंद्यावरून किंवा धर्मपंथावरून पटत नाही, ती दात मोजण्याच्या सवयीवरून पटते. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ या म्हणीतला टोमणा त्याला कळणारच नाही, कारण वस्तू फुकटची असो वा विकतची, तिचे दात मोजल्याखेरीज तिच्याशी ओळख झाली असे तो मानीत नाही.

हे दात डिफरन्शियलचे असतात. इंजिनाकडून दांड्यावाटे आलेली गती काटकोनात वळवून दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देणाऱ्या या यंत्रणेत एक लहान आणि एक मोठे चक्र असते. आपल्याकडचे मेकॅनिक या जोडगोळीला एका दमात ‘क्राउन-पिनियन’ म्हणतात. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की गुणोत्तर निघते: ४६ भागिले १३ म्हणजे ३.५४, आणि ४५ भागिले ११ म्हणजे ४.०९. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर जुळावे लागते, नाहीतर एका जुवाखालच्या दोन बैलांची चाल वेगळी पडावी तसे होते. चिखलात चाके घसरून हे भांडण मिटते, पण कोरड्या डांबरावर कोणालाच माघार घेता येत नाही आणि सगळा ताण दांड्यांवर येतो. सत्तरच्या दशकात फोर्डने पुढे ३.५४ आणि मागे ३.५० अशी जोडी स्वतःच बसवून विकली होती. ही एक टक्क्याची तफावत सदर गृहस्थ कंपनीला माफ करतो, पण मनापासून नव्हे.

एके दिवशी तेल बदलण्याच्या निमित्ताने तो आपल्या फोर्डच्या पुढच्या डाना-४४ अ‍ॅक्सलचे झाकण उघडतो, दात मोजून ३.५४ असा हिशेब काढतो, आणि मागच्या डिफरन्शियलच्या बोल्टला लटकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर ४.११ वाचून त्याचा चेहरा उजळतो. मग काय, भंगारातून एखादे ४.०९ आणायचे आणि दुपारी चारच्या आत बसवायचे, असे तो जाहीर करतो. कोणत्या दिवशीच्या चारच्या आत, हे मात्र घरातले कोणीही विचारीत नाही.

पहिला क्राउन-पिनियन तो शेव्हरोलेच्या अ‍ॅक्सलमधून आणतो, कारण नाव तेच, डाना-४४. परंतु शेव्हरोलेचा पिनियन अ‍ॅक्सलच्या मध्यरेषेखाली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या फोर्डचा वर बसत असल्यामुळे दोन्हींच्या दातांचे वळण उलटे असते. पुढे योग्य जातीचा संच मिळतो, तेव्हा कळते की गुणोत्तर वाढले की पिनियन बारीक होतो, म्हणून क्राउनला त्याच्याकडे सरकावे लागते, आणि म्हणूनच ३.७३ पर्यंत एक कॅरिअर, म्हणजे क्राउन ज्यावर आवळला जातो तो सांगाडा, आणि ३.९२ पासून पुढे दुसरा लागतो. कॅरिअर आला की बेअरिंगे आली, बेअरिंगांमागून ऑइल सील आले, आणि शेजाऱ्याकडून आणलेला प्रेसही आला, जो परत गेल्याचे उदाहरण नाही.

खरा उत्सव त्यानंतर सुरू होतो. पिनियनच्या डोक्यावर कारखान्याने कोरलेला अधिक-उणे आकडा जुन्या आकड्यातून वजा करून तो शिमांची, म्हणजे कागदासारख्या पातळ चकत्यांची, जाडी ठरवतो. मग दातांना पिवळा लेप फासून चक्र हाताने फिरवतो आणि उमटलेला ठसा दाताच्या टोकाकडे गेला की मुळाकडे, हे बॅटरीच्या उजेडात न्याहाळतो. दातांमधली मोकळीक इंचाच्या सहा ते नऊ हजारांश भागांत बसावी म्हणून हा मनुष्य सबंध कॅरिअर अकरा वेळा बाहेर काढतो आणि अकराव्या वेळी पहिल्याच शिमा परत घालतो. याला चिकाटी म्हणावे की व्यसन, याचा निर्णय त्याच्या पत्नीवर सोडणे शहाणपणाचे ठरेल.

अखेर गाडी जोडली जाते, अंगणातल्या डांबरावर चारही चाकांना जोर दिला जातो, आणि वळताना ती अडलेल्या म्हशीसारखी जागच्या जागी हुंदके देते. तेव्हा कुठे तो एक चाक जॅकवर घेऊन मागचा दांडा फिरवतो, फेरे मोजतो आणि मागचे गुणोत्तर ३.५० असल्याचे त्याला आढळते. कोणा आधीच्या मालकाने, जो उघडच याच जातकुळीचा होता, पेट्रोल वाचवण्यासाठी पुढचे-मागचे दोन्ही संच बदलले होते, आणि काम संपल्यावर जुना बिल्ला नीट पुसून त्याच बोल्टला परत लावला होता. गृहस्थ बराच वेळ त्या बिल्ल्याकडे पाहत राहतो, मग फडक्याने तो पुसतो, बोल्टला परत लावतो, आणि ज्याला आपला ३.५४ चा संच मागच्याच आठवड्यात अदलाबदलीत दिला, त्याने तो अजून बसवला तर नसेल ना, हे विचारायला फोन उचलतो.