घाम वगळून नाव सुचवा

व्यायामाचं पुस्तक लिहायला पिळदार शरीर लागतंच असं नाही, हे आमच्याकडच्या दोन-चार लेखकांकडे पाहून मला आधीच ठाऊक होतं. पण त्या पुस्तकाला खपेल असं नाव द्यायला अख्खं गाव कामाला लागतं, हे मात्र यंदाच्या भाताच्या रोवणीच्या दिवसांत मोहाडी तालुक्यातल्या आमच्या आंधळगावात कळलं.

पुस्तक माझ्या भाच्याचं. तो नागपुरात एका जिममध्ये ट्रेनर आहे. काय खावं, कधी खावं, कोणता व्यायाम कोणी करू नये असा सगळा मजकूर त्यानं जमवला, त्याची पीडीएफ केली, वर काही व्हिडिओ जोडले. किंमत नव्व्याण्णव रुपये. "शंभर काहून नाही?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "मामाजी, सगळी मेख त्या एका रुपयातच हाय." सगळं तयार होतं, फक्त नाव नव्हतं. म्हणून तो माझ्याकडे आला. मी निवृत्त शिक्षक. पोरांची नावं, दुकानांची नावं, गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकावरचं घोषवाक्य, सगळं माझ्याकडूनच जातं. आंधळगावात नाव ठेवायला मी एकटा; नावं ठेवायला मग सगळं गाव आहे.

त्यानं स्वतःची एक यादी आणली होती. 'बीस्ट मोड', 'अल्फा बॉडी', 'फॅट टू फिट', 'सिक्स पॅक ब्लूप्रिंट'. आमची मंडळी तांदूळ निवडत बसली होती.

"बीस्ट म्हंजे का जी?"

"जनावर, मामीजी."

"मंग गोठ्यात दोन हायत. त्यायले कोनं नव्व्याण्णव रुपये नाही मागतले."

यादी तिथंच संपली.

तशी या धंद्यात नावाची पंचाईत जुनी आहे. युजेन सँडो या पहिलवानाचं जगभर नाव झालं, पण ते त्याचं मूळ नावच नव्हतं. 1867 साली जन्मला तेव्हा तो फ्रीड्रिख विल्हेल्म म्युलर होता. म्युलर नावाच्या माणसाच्या दंडाकडे तिकीट काढून कोण बघणार? सँडो झाल्यावर बघू लागले. त्यानं 1897 साली 'स्ट्रेंग्थ अँड हाऊ टु ऑब्टेन इट' हे पुस्तक काढलं, पुढं 1904-05च्या सुमारास हिंदुस्थानातही खेळ करून गेला. त्याचे स्नायू इथं कुणाच्या अंगावर उतरले नाहीत, बनियनवर तेवढं नाव उतरलं. आजही आठवडी बाजारात ज्याच्या बरगड्या लांबूनच मोजाव्यात असा गडी बिनदिक्कत म्हणतो, "एक सँडो द्या जी, पंच्याऐंशीची." दुकानदार हसत नाही. ब्रँड यालाच म्हणत असावेत.

भाच्यानं मार्केटिंगचा कसलासा ऑनलाइन कोर्स केला होता. त्यात त्याला शिकवलं होतं की नावात आकडा हवा. मी लगेच त्याला औंधची गोष्ट सांगितली. मास्तरकी निवृत्त होते, मास्तर होत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत, प्रजेला घालायला लावत, आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. नाव सरळ: सूर्यनमस्कार. पुढं 1938 साली ते इंग्रज वाचकांसाठी लंडनमध्ये निघालं. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी ते संपादित केलं आणि वर नाव आलं 'द टेन-पॉइंट वे टु हेल्थ'. नमस्कारातल्या दहा स्थिती म्हणून दहा. आकडा वर चढला, सूर्य बिचारा उपशीर्षकात उतरला. लंडनच्या हवेत सूर्याची हमी कोण देणार, असाही हिशेब असेल.

"मंग आपन बी 'दहा दिवसांत दहा किलो' ठेवू!" भाचा उठूनच बसला.

आकड्याचं भूत असं असतं. 1965 साली जपानमध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. ऐकायला गोल आकडा, लक्षात राहायला सोपा. संशोधन वगैरे नंतर हळूहळू मागून आलं, आकडा तोवर जगाच्या मानगुटीवर बसला होता. आमच्या आळीतले एक काकाजी संध्याकाळी मोबाइल नातवाच्या खिशात घालून त्याला गल्लीत खेळायला सोडतात. रात्री जेवायच्या आधी त्यांची दहा हजार पावलं पुरी झालेली असतात.

दहा दिवसांत दहा किलोचं स्वप्न मात्र मोहाडीच्या एका वकीलसाहेबांनी पाच मिनिटांत उतरवलं. 1954 सालचा औषधे आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे म्हणाले. त्याच्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, उंची वाढवणंसुद्धा आहे. औषध नाहीतर चमत्कार म्हणून असलं काही विकायची जाहिरात केली की गाठ कायद्याशी. "आमचं तर पुस्तक हाय," भाचा म्हणाला. "पुस्तकच ठेव मंग, चमत्कार नको करू," वकीलसाहेब म्हणाले. नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं तर एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी 4,500 रुपये, आणि त्यातही नुसता मालाचा गुण सांगणारा शब्द असला तर नोंदणीला हरकत येते. भाच्यानं मोबाइलवर भागाकार केला. शेहेचाळीस माणसं बारीक झाली की नाव आपलं. मग म्हणाला, "पन ते नाव हाय कोठी?"

माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. व्यायामाच्या पुस्तकाला नाव लागतं ते आतला घाम झाकायला. बघा ना, वडोदऱ्याहून मुजुमदार नावाच्या गृहस्थांनी 'व्यायाम ज्ञानकोश' काढला, तब्बल दहा खंड. नावात फसवाफसवी नाही: व्यायाम म्हणजे व्यायाम, कोश म्हणजे कोश. दहाच्या दहा खंड कपाटातून खाली काढून पुन्हा वर ठेवले तरी दंड भरून येतील असं ते काम. आता ते घरोघरी आहे का? नाही. उलट डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं 'विनासायास वेटलॉस' बघा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या, म्हणजे आपल्या नागपूरकडच्या माणसाच्या, विचारातून निघालेलं. दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा, मधे काही खाऊ नका. नावातच 'विनासायास' आहे, घामाचा थेंब नाही. आत रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगितलं आहे, हे आमच्या गावातल्या निम्म्या अनुयायांना माहीतच नाही. ते 'विनासायास'पाशीच थांबले. पंचावन्न मिनिटांचा नियम तेवढा काटेकोर पाळतात. चोपन्नाव्या मिनिटाला भाताचा शेवटचा ढीग वाढून घेणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

भाचा म्हणाला, मग लोकांनाच विचारू. आम्ही एका विणकराच्या घरी गेलो. आंधळगाव कोसा रेशमाच्या कापडासाठी ओळखलं जातं. माग कमी झाले, तरी एखाद्या घरातून खटखट अजून ऐकू येते. खड्ड्यात पाय सोडून काकाजी मागावर बसले होते. एक पाय पावडीवर दाबला की ताना उघडायचा, धोटा इकडून तिकडं सुटायचा, हत्या पुढं ओढून बाना ठोकायचा, की लगेच दुसरा पाय. कोशाचा तो मळकट सोनेरी रंग खिडकीतल्या उजेडात तेवढाच चमकत होता. भाचा बराच वेळ त्यांच्या पोटऱ्यांकडे बघत राहिला. ट्रेनरची नजर.

"हे दिवसभर पाय मारतो मी, याले तुमच्याकडं का म्हनते?" काकाजींनी विचारलं.

"लोअर बॉडी एन्ड्युरन्स."

"त्याचे किती भेटते?"

"भेटत नाही काकाजी, द्याव लागते. महिन्याचे दीड हजार."

काकाजींचा धोटा मधेच थांबला. अशी बातमी त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. मग म्हणाले, "आमच्या साडीच्या काठावर करवतीच्या दात्यासारखी नक्षी दिसते, म्हनून ते करवती. जे दिसते तेच नाव. तुह्या पुस्तकात का दिसते?"

भाच्यानं पीडीएफ उघडून दाखवली. पहिल्या पानावर तो स्वतः, शर्ट काढून. दुसऱ्या पानावर तोच, दोन वर्षांपूर्वीचा, शर्ट घालून.

"मंग 'शर्ट' ठेव," काकाजी म्हणाले आणि धोटा पुन्हा सुरू झाला.

बाहेर येतो तोच रोवणीहून बाया परत येत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, दिवसभर बांधीत कंबरेत वाकून पऱ्हे लावलेले. भाच्याच्या डोक्यात वीज चमकली. "मामाजी, 'रोवणी वर्कआउट'! देशी हाय, मातीतलं हाय, पुण्यात तर धूम चालेल!" त्यानं उत्साहानं एका मावशीला समजावलंसुद्धा, की हीच हालचाल शहरातले लोक पैसे देऊन शिकतील. मावशी शांतपणे म्हणाली, "त्यायले इकडंच पाठव बापा. मजूर भेटून नाही राह्यले."

एवढी व्यवहार्य सूचना त्या सगळ्या दिवसांत दुसरी आली नाही.

रात्री चावडीवर विषय निघालाच. आमच्याकडं झाडीपट्टीच्या नाटकाचा नाद मोठा. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव येतात, रात्रभर नाटक, आणि नाटकाचं नाव असं की तिकीट काढण्याआधीच रुमाल काढावा. त्यातल्या एका हौशी नटानं उभं राहून ठणकावून सांगितलं की नावात दुःख हवं, वैर हवं, निदान एक बाई हवी. मग सूचनांचा पाऊस पडला. 'पोटानं केला घात'. 'कंबर झाली वैरीण'. 'सुटलं पोट, तुटलं नातं', आणि खाली बारीक अक्षरात 'तीन अंकी सामाजिक आहार'. खरं सांगतो, मला ही नावं भाच्याच्या 'अल्फा बॉडी'पेक्षा हजारपटीनं खपाऊ वाटली. 'कंबर झाली वैरीण' मी स्वतः विकत घेतलं असतं.

दुसऱ्या एकानं देवाचं नाव सुचवलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं बघा म्हणाला. 1914 साली हनुमानाचं नाव घेऊन सुरू झालं आणि 1936 साली त्यांची मुलं बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब दाखवून आली. मुद्दा बिनतोड होता. पण हनुमानाच्या नावानं नव्व्याण्णव रुपये घ्यायचे आणि आत पान सातवर उकडलेल्या अंड्यांचं कोष्टक, हे काही जमेना.

शेवटी कुणीतरी गावाचं नाव काढलं. नागपूरची संत्री, कोल्हापूरचा गूळ, तसा 'आंधळगाव फॉर्म्युला'. क्षणभर सगळे गप्प झाले. मग एकेकाला हसू फुटलं. 'आंधळगाव फॉर्म्युला, डोळे मिटून विश्वास ठेवा', 'आधी न बघता पैसे भरा' वगैरे. मला ते पटलं नाही. गावाच्या नावावर कोसा खपतो तेव्हा कुणी गिऱ्हाईक म्हणत नाही की कापड न बघता विणलं असेल. कापडाला जे चाललं ते पोटाला का चालू नये? मतदान झालं, मी एकटा पडलो.

या गडबडीत भाच्यानं एक आगळीक केली. अक्षरं बरोबर उमटतात का बघ म्हणून पीडीएफ आपल्या एका चुलतभावाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. चुलतभावानं तुमसरच्या साल्याला. साल्यानं क्रिकेटच्या ग्रुपवर. फाइलचं नाव होतं 'नवीन फायनल 2 खरंच फायनल'. आठवडाभरात ती भंडाऱ्याहून फिरून माझ्याच मोबाइलवर आली, वर 'अत्यंत उपयुक्त, जरूर वाचा' अशी ओळ आणि तीन हात जोडलेले.

आता लोक तिला 'जिमवाल्याचं' म्हणतात. "काहून जी, जिमवाल्याचं करता का?" "हाव, पान चारपर्यंत आलो." भाचा वैतागला, मी त्याला जोसेफ पिलाटेसचा दाखला दिला. त्या माणसानं आपल्या व्यायामपद्धतीला 'कंट्रोलॉजी' असं भारदस्त नाव दिलं होतं, 1945 साली ते नाव शीर्षकात घालून पुस्तकही काढलं. लोकांनी ऐकलं नाही. 1967 साली तो गेला आणि आज जगभर त्या व्यायामाला पिलाटेस म्हणतात, कंट्रोलॉजी कुणाला आठवत नाही. 'विनासायास'चंही लोकांनी 'दीक्षित डाएट'च केलं की. भाचा म्हणाला, "पन मामाजी, त्यायले पैसे तरी भेटले असतीन." याला माझ्याकडं दाखला नव्हता.

तर दुसरी, सुधारलेली आवृत्ती तो काढतो आहे, आणि तिला नाव हवं आहे. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं. नाव मराठी असावं, त्यात जनावर नसावं, आकडा नसावा, वकीलसाहेबांची हरकत येऊ नये, आणि घामाचा उल्लेख कुठंही नको. निवडलेल्या नावासाठी एक प्रत मोफत मिळेल. मोहाडी तालुक्यातल्या वाचकांनी बक्षिसाचा आग्रह धरू नये. त्यांच्याकडं ती आधीच पोचलेली आहे.