फिरत्या लॅपटॉप-कपाटास अनावृत पत्र

श्रीयुत फिरते लॅपटॉप-कपाट यांसी,

सा. न. वि. वि.

आपल्याला शाळेत आणायचा प्रस्ताव लिहायला बसलो आणि म्हटले, आधी आपल्यालाच विचारावे. पोटात ३० लॅपटॉप, दाराला कुलूप, खाली चार चाके. वेगळी खोली नको, एकच संच सगळ्या वर्गांना पुरेल. हिशेब बिनचूक. फक्त आपल्या चाकांनी आमची शाळा पाहिलेली नाही. ऑफिसातून सातवीच्या वर्गात जायचे तर उंबरा, व्हरांडा, दोन पायऱ्या, मैदान आणि पुन्हा पायऱ्या. जुलैत मधे चिखल. म्हणजे फिरणार आपण, उचलणार सातवीची पोरे.

पुढचा प्रश्न खाण्याचा. एका लॅपटॉपचा चार्जर ६५ वॅटचा धरला, तर तिसांचे १९५० वॅट होतात. आमच्या भिंतीवरचा ५ अँपियरचा साधा प्लग फार तर ११५० वॅट पेलतो. आळीपाळीने चार्ज करायची सोय आपल्यात असेल तर बरे; नसेल तर वायरिंगही प्रस्तावात घालावे लागेल. बिल सादिल अनुदानातून भरू, म्हणजे सादिल आल्यावर.

'फिरते' या गोष्टीचे आम्हाला नवल नाही. आमच्या तुळजाभवानीची मूर्तीच चल आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ती पालखीतून बाहेर येते. पण ती पालखी कुणाची, खांदा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आपले मानकरी कोण? प्रस्तावाच्या नमुन्यात लॅपटॉपच्या रॅमसाठी रकाना आहे, ते कोणत्या तासाला कोण काढणार, मोजून परत कोण ठेवणार, यासाठी नाही. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की उरलेल्यांनी त्यांच्या इयत्ताही सांभाळायच्या, खिचडीची नोंद करायची, आणि आपल्याला ढकलायचेही.

आपले एक पूर्वज होते, ऐकले असेल. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. उन्हात वाचता येणारा पडदा, थोडक्या विजेवर भागणारे पोट, उचलायला कडी. कपाट नव्हतेच, कारण यंत्र मुलाचे स्वतःचे असावे हाच ते बनवणाऱ्या मंडळींचा हट्ट. देशाने तो हट्ट मानला नाही, आणि तो महागही होता. पण वीज नसलेले गाव गृहीत धरून त्यांनी यंत्र बनवले होते. आपण गृहीत काय धरले आहे?

नंतर राज्यात आयसीटी योजना आली. कंपनीने संगणक आणि शिक्षक पाच वर्षे पुरवायचे, मग सगळे शाळेला सोपवायचे. मुदत संपली. संगणक राहिले, शिक्षक गेले. त्यानंतरचा इतिहास जडसंग्रह नोंदवहीत आहे.

तरीही आपण यावे. २०१८ पासून आमचा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांत आहे, आणि त्यांच्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. शिवाय ऑनलाइन माहिती भरायला गुरुजी अजून स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा वापरतात. तेव्हा आपले पहिले विद्यार्थी कोण असतील, हे आपण ओळखले असेलच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्रस्ताव लिहिणारा एक मुख्याध्यापक

ता. क. : येताना चाव्या दोन आणाव्यात. एक माझ्याकडे राहील, आणि मी बहुधा मीटिंगला असेन.